सहा नंबरच्या थप्पीचे सात दिवस

मामाचा परवाना गेला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मीही ते लिहिलं नाही असं धरतो. झालेलं झालं नाही असं धरायचं काम आमच्या ऑफिसात रोज चालतं, त्यामुळे मला सवय आहे. तुम्हाला जरा वेळ लागेल. तर, परवाना मामाच्या शर्टाच्या खिशात आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. सोमवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि मामा सहा नंबरच्या थप्पीशेजारी गुडघ्यावर बसून ट्रेमध्ये गोळ्या मांडतोय.

मामा धान्याच्या गोदामात किडे मारतो. अख्खं गोदाम त्याला मामा म्हणतं, त्यामुळे मी त्याचा सख्खा भाचा आहे हे मला कुणाला पटवून देता येत नाही. थप्पी म्हणजे पोत्यांचा डोंगर. सहा नंबरची थप्पी तीन हजार पोत्यांची, आत गहू. तिच्यावर जाड प्लास्टिकचं कव्हर घालायचं, खाली फरशीवर कव्हरच्या कडेने वाळू भरलेल्या लांबलचक पिशव्या ठेवायच्या म्हणजे हवा जाणार नाही. त्या पिशव्यांना आम्ही साप म्हणतो. आत ठेवलेल्या गोळ्या हवेतला ओलावा ओढतात आणि लसणासारख्या वासाचा गॅस सोडतात. गॅसने किडे मरतात. माणसंही मरतात. गॅस या बाबतीत भेदभाव करत नाही.

आणि मी किडे मोजतो. लोकांना वाटतं थट्टा करतोय. माझ्या पदाचं नाव फार मोठं आहे, पण काम एवढंच. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, किलोभर गहू काढायचा, चाळायचा आणि खाली पडलेले किडे पांढऱ्या ताटलीत घेऊन मोजायचे. मेलेले वेगळे, जिवंत वेगळे. मेलेले मोजायला सोपे. ते एका जागी थांबतात.

अडचण अशी झाली होती की किडे मरायचे थांबले होते.

सगळे नाही. तो तांबूस, चपटा, तिळाहून लहान भुंगेरा असतो ना, तो. पूर्वी तो तीन दिवसांत मरायचा, असं मामा सांगतो. मग कधीतरी कव्हरांना भोकं पडली, सापांतली वाळू सांडली, गॅस निम्मा बाहेर जाऊ लागला. किडे अर्धमेले व्हायचे आणि मग बरे व्हायचे. बरे झालेल्यांची लग्नं बरे झालेल्यांशीच झाली. वर्षानुवर्षं हेच. आता जी पिढी आहे तिला आमचा गॅस म्हणजे घरातला वास वाटतो.

सहा नंबरच्या थप्पीला मामाने आधी दोनदा गॅस दिला होता. पहिल्यांदा माझ्या ताटलीत तेवीस जिवंत निघाले. दुसऱ्यांदा सतरा. नियम असा की एकाच थप्पीत तिसऱ्यांदा एक जरी जिवंत निघाला तर गॅस देणाऱ्याचा परवाना जमा. किड्याचं काहीच जमा होत नाही. मामाला परवान्याशिवाय वजनकाट्यावर बसवणार होते. सव्वीस वर्षं गॅस देणाऱ्या माणसाला ट्रक वर चढला का, खाली उतरला का, एवढंच बघत बसायचं.

आम्ही वाचलेल्या किड्यांतले काही बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवले होते. पाठवायच्या आदल्या दिवशी बाटली घरी नेली, कारण ऑफिसातलं कपाट उघडत नव्हतं. मामीने ती टेबलावर बघितली.

"हे काय आणलंय?"

"किडे आहेत, मामी. उद्या जातील."

"घरात आधीच दोन आहेत की. तुझे मामा आणि तू."

"यांना गॅस चालतो पण."

"तुम्हा दोघांना काय चालत नाही ते सांग," मामी म्हणाली आणि पिठाचे सगळे डबे वरच्या फळीवर नेऊन ठेवले. मग जाता जाता मामाला म्हणाली, "अहो, खरंच जाणार का हो परवाना?"

"नाही गं," मामा म्हणाला. मामा खोटं बोलताना नेहमी चष्मा पुसतो. त्याने चष्मा पुसला.

प्रयोगशाळेचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की या किड्यांची प्रतिकारशक्ती अतिशय तीव्र आहे. हे किडे गॅस आला की श्वासच कमी घेतात. यांना मारायचं तर कव्हर बारा दिवस बंद ठेवावं आणि आतल्या गॅसचा आकडा मीटरवर दोनशेच्या खाली जाऊ देऊ नये. मामाने पत्र तीनदा वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मला वाटलं त्याची बढतीच झाली.

"बघ, माझी चूक नव्हती," तो म्हणाला. "पाच दिवसांत हे मरतच नाहीत. बारा दिवस दे मला. बारा दिवसांत मी यांच्या घराण्याचा निर्वंश करतो."

पत्र घेऊन आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना धुळीची अॅलर्जी आहे, म्हणून ते गोदामात येत नाहीत. ते धान्याच्या गोदामाचे प्रमुख आहेत आणि धान्य त्यांनी बहुतेक फोटोतच बघितलंय. त्यांनी पत्र वाचलं, मान हलवली आणि गॅसच्या नोंदीचा छापील नमुना पुढे केला.

"मामा, हे बघा. किती रकाने आहेत?"

"पाच, साहेब."

"पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्यात कव्हर काढल्याची वेळ आणि आकडा शून्य. खाली माझी सही. आता सहावा दिवस कुठे लिहिणार? समासात?"

"मागच्या बाजूला लिहू," मी म्हणालो.

"मागच्या बाजूला सूचना छापल्यात."

"मग दोन कागद जोडू."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन साहेब जोडू म्हणालो होतो. "दुसरा कागद म्हणजे दुसऱ्यांदा गॅस दिला असा अर्थ होतो. मग मधे कव्हर काढायला हवं. नमुना बदलायचा तर नमुना शाखेला लिहावं लागेल. मी लिहितो. येईल उत्तर." मग हळू आवाजात म्हणाले, "मी रुजू झालो तेव्हा पंख्यासाठी लिहिलं होतं." केबिनमध्ये पंखा नव्हता.

आता यापुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालं. मामाचं नाव उगाच येतं मधे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोत्यांवर बसलो होतो. मी म्हणालो, "मामा, कागदाला पाचच दिवस हवेत ना? कागदाला पाच देऊ. थप्पीला बारा देऊ."

"म्हणजे?"

"पाचव्या दिवशी मी लिहितो, कव्हर काढलं, आकडा शून्य. साहेब तर बघायला येत नाहीत. कव्हर राहू दे तसंच. कोणी विचारलं तर सांगू, धुळीसाठी झाकलंय. बाराव्या दिवशी काढू, मी मोजतो, ताटलीत शून्य येईल. मग दोन्ही शून्य खरी."

मामाने डब्याचं झाकण लावलं. सव्वीस वर्षांत त्याने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. "पहिलं शून्य खोटं असेल," तो म्हणाला.

"सात दिवस खोटं असेल. मग होईल खरं. लोक तर आयुष्यभर खोटी लिहितात."

त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच परत घातला. मी ते होकार म्हणून घेतलं.

तर त्या सोमवारी मामाने कव्हर घातलं. असं कव्हर त्याने आयुष्यात घातलं नसेल. आदल्या दिवसापर्यंत त्याने एकेक भोक शोधून चिकटवलं होतं, सापांत नवी वाळू भरली होती, कोपऱ्यांत दुहेरी साप टाकले होते. दुसऱ्या दिवशी मीटरवर साडेतीनशे. तिसऱ्या दिवशी तेवढेच. चौथ्या दिवशी तीनशे चाळीस. मामा तो आकडा बघून हसायचा, जणू नातवाचे मार्क बघतोय.

शुक्रवार आला, पाचवा दिवस. मीटरवर तीनशे वीस. मी पाचव्या रकान्यात लिहिलं: शून्य. माझं अक्षर चांगलं आहे, शून्य फार गोल आलं. साहेबांनी न बघता सही केली आणि म्हणाले, "छान."

मग एक छोटी गोष्ट राहिली होती, ती आमच्या लक्षातच आली नव्हती. थप्पीला गॅस असताना लाल पाटी लावायची असते: कवटी, दोन हाडं आणि खाली "धोका". कागदावर थप्पी उघडली, म्हणजे पाटी परत करायला हवी. सामानाच्या खोलीतला कारकून लगेच हजर. त्याच्या वहीत पाटी क्रमांक तीन येणं बाकी होतं.

"पाटी राहू दे रे दोन दिवस," मामा म्हणाला.

"उघडलेल्या थप्पीला पाटी? मामा, उद्या उघड्या गोदामाला कुलूप लावा म्हणाल."

पाटी गेली. शनिवारी हमाल दुसऱ्या थप्प्या रचायला येणार होते आणि दुपारी ते थप्प्यांच्या आडोशाला पाय पसरून पडायचे. सहा नंबरशेजारी गार लागतं म्हणून तिथेच जास्त. तेव्हा शनिवारी मामा एक स्टूल घेऊन सहा नंबरपुढे बसला. सकाळी आठपासून. कोणी जवळ आलं की म्हणायचा, "पलीकडे जा."

हमालांचा मुकादम बघत होता. "मामा, पाटीच्या जागी तुम्हीच लागलात का काय?"

"पलीकडे जा म्हटलं ना."

"कवटी दिसतेय. हाडंही दिसतायत. लाल रंग तेवढा द्यायचा राहिला."

रविवारी गोदाम बंद असतं, तरी मामा गेला. मामीने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्यांना सांग, तुमच्यापेक्षा किड्यांना जास्त सुट्ट्या आहेत." मी डबा दिला, निरोप दिला. मामा जेवताना एकाएकी म्हणाला, "आत्ता आत मरत असतील बघ. अंडी शेवटी मरतात. अंड्यांना वेळ लागतो." मीटरवर तीनशे होते. बंद गोदामात, पोत्यांच्या सावलीत, तो फार सुखात दिसला. मला आता वाटतं, तो रविवार तेवढा आमचा होता.

सोमवारी सकाळी फाटकाबाहेर दहा ट्रक उभे होते.

मला आधी कळलंच नाही. मग साहेब स्वतः गोदामात आले, नाकाला रुमाल लावून. साहेब गोदामात आलेले बघून दोन हमाल उठून उभे राहिले, एकाने त्यांना रस्ता चुकलात का विचारलं. साहेबांच्या हातात मुख्य कार्यालयाचा आदेश होता. आमचा तो पाच रकान्यांचा कागद शुक्रवारीच संगणकावर चढला होता. तिकडे कोणीतरी वाचलं: थप्पी क्रमांक सहा, उघडली, शून्य. त्यांना गहू हवाच होता. त्यांनी ट्रक पाठवले. आमच्या ऑफिसात इतकं वेगात काही कधी झालं नव्हतं. खोटं लिहिलं म्हणूनच झालं असणार.

"चला, कव्हर काढा," साहेब मुकादमाला म्हणाले.

मामा स्टुलावरून उठला. "काढू नका. आत गॅस आहे."

"गॅस कसा असेल? शुक्रवारी शून्य होता."

"शुक्रवारी तीनशे वीस होता, साहेब. आज दोनशे नव्वद आहे." मामाने मीटर पुढे धरलं. "आम्ही कव्हर काढलंच नाही. बारा दिवस ठेवायचं होतं. अजून पाच द्या. पाचच. येत्या शनिवारी ट्रक भरून देतो."

साहेबांनी मीटरकडे बघितलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना सगळं समजलंय आणि ते समजणं ते झपाझप परत करतायत.

"मामा," ते म्हणाले, "त्या शून्याखाली माझी सही आहे."

"हो, साहेब."

"माझ्या सहीवर तीनशे वीस कसा असेल?"

"शून्य मी लिहिलं, साहेब," मी म्हणालो. "मामाने नाही."

"कोणी लिहिलं हा प्रश्न नाही. लिहिलेलं आहे." मग ते मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बिघडलंय. दुरुस्तीला पाठवा."

मुकादम नाक वर करून हुंगत होता. आता तो दोन पावलं मागे सरला. "साहेब, मला लसणाचा वास येतोय. सहा नंबरकडून. लसूण कोणी सोललेला नाही."

"तो तुमच्या डब्यातला असेल."

"मग असं करू साहेब. रजिस्टरमध्ये शून्य आहे ना? रजिस्टरला आधी आत जाऊ दे. आम्ही मागून येतो."

हमाल हसले. साहेबही हसले असते, पण फाटकाबाहेर ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि केबिनमधला फोन थांबत नव्हता. शेवटी मामाच म्हणाला, "सगळे बाहेर जा. दारं, खिडक्या उघडा. मी काढतो."

"मामा, नको," मी म्हणालो. "अजून पाच दिवस. काहीतरी सांगू. ट्रकचं टायर फोडू."

"दहा ट्रकांचे किती टायर होतात, माहितीये?" त्याने मुखवटा चढवला, त्यामुळे पुढचं काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

मी दारातून बघत होतो. मामाने कोपऱ्यातला साप उचलला, मग दुसरा. गेल्या आठवड्यात लावलेली चिकटपट्टी सोलली. कव्हर वर घेतलं, तेव्हा त्याने सवयीने मान बाजूला केली, वारा कुठून येतोय बघितलं, सगळं शिस्तीत. आत कोणी नव्हतं, तरी त्याने तीनदा मोठ्याने विचारलं, कोणी आहे का. कव्हर काढून तो बाहेर आला, मुखवटा काढला आणि पायरीवर बसला. दुपारपर्यंत कोणालाही आत जाऊ दिलं नाही. साहेबांनी त्या वेळेला "हमालांची विश्रांती" असं नाव दिलं, म्हणजे तेही कागदात बसलं.

दुपारी मीटर खरोखर शून्यावर आल्यावर मी आत गेलो. नियमाप्रमाणे ट्रक भरायच्या आधी मोजावं लागतं. बारा पोत्यांतून किलोभर गहू काढला, चाळला, ताटलीत घेतला. मामा शेजारी उभा. मेलेले शेकड्याने. ते मोजताना मामाचा श्वास मला ऐकू येत होता.

ताटलीच्या कडेला दोन चालत होते.

एक असता तर म्हातारपणी एकटाच गेला असता. दोन होते.

"दोन्ही नर असतील," मी म्हणालो. "कशावरून जोडपं असेल?"

"आपल्या नशिबावरून," मामा म्हणाला.

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. साहेब केबिनमध्ये, मुकादम फाटकाशी. माझ्या हातात पेन होतं आणि ताटलीवर बोट ठेवलं असतं तर दोन्ही मेलेल्यांत जमा झाले असते. "मामा, शून्य लिहितो. एकदा लिहिलंय, हात बसलाय. कोणाला कळणार नाही. परवाना राहील."

"लिही की," तो म्हणाला. मग दाराकडे बघत, "हे ट्रक किती गोदामांत जाणार?"

"दहा ट्रक. दहा ठिकाणी असेल."

"हे सात दिवस गॅसमधे राहून चालतायत. आता जे कोणी त्या दहा ठिकाणी गॅस देतील, त्यांना पाचच रकाने असणार." त्याने ताटली हातात घेतली. ते दोघे कडेकडेने फिरत होते, अजिबात घाई नव्हती त्यांना. "खरं लिही."

"मामा, तू काट्यावर बसशील. ट्रक वर, ट्रक खाली."

"लिही रे. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं: जिवंत, दोन.

ट्रक रिकामे परत गेले. तो आठवडा संपायच्या आत मामाचा परवाना जमा झाला. पत्रात कारणं दोन होती. पहिलं, तिसऱ्यांदा जिवंत किडे आढळले. दुसरं, "उघडलेली थप्पी विनाकारण झाकून ठेवली". गॅसचा उल्लेख नव्हता. खोट्या शून्याचाही नव्हता. ते शून्य अजून संगणकावर आहे, साहेबांच्या सहीसकट. साहेबांनी पत्र स्वतः मामाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मामा, माझ्या हातात काही नव्हतं." ते खरं होतं. पत्र देऊन झाल्यावर त्यांचे हात रिकामेच होते.

घरी मामीने पत्र वाचून घडी घातली. तिने पिठाचे डबे खाली काढून ठेवले आणि मामाला चहा दिला. मामाने विचारलं, "साखर घातलीस ना?" तिने घातली नव्हती. तिने "घातली" म्हटलं. त्याने "बरी आहे" म्हटलं.

आता सहा नंबरच्या थप्पीला नवा माणूस गॅस देतो. तरुण आहे, कामाला चांगला. पाच दिवस ठेवतो, कव्हर काढतो. मी मोजतो. काल सव्वीस निघाले. तो मला विचारत होता, माझं काही चुकतंय का? मी त्याला प्रयोगशाळेचं पत्र दाखवलं. ते वाचून त्याच्याही चेहऱ्यावर तोच उजेड आला. मला बघवला नाही, मी कव्हर घडी करायला गेलो.

नंतर मी हा अर्ज केला. पोच मिळालेली नाही.

प्रति, नमुना शाखा. विषय: थप्पी क्रमांक सहाच्या दिवसांबाबत. महोदय, सदर थप्पीचा सहावा व सातवा दिवस, म्हणजेच शनिवार व रविवार, प्रत्यक्षात होऊन गेलेले आहेत. त्या दोन्ही दिवशी कव्हर बंद होते, आत गॅस होता व माझा मामा बाहेर स्टुलावर बसून होता. सबब, सदर दोन दिवस झाले होते, एवढे आपण लेखी मान्य करावे. तसेच बारापैकी उरलेले दिवस नेमके पाचच असून ते आपल्या छापील नमुन्यात कोणताही बदल न करता मावतात. तरी ते आपल्याकडे शिल्लक असल्यास, ट्रक आले त्या सोमवारपासून सलग धरून, थप्पी क्रमांक सहास मंजूर करण्यात यावेत, ही विनंती.